शास्त्र हळूहळू कसे उमजले?

आमच्या रात्रीच्या वर्गात एक मावशी येत. वय साठीच्या पुढचे. सहा-सात महिन्यांत त्या बाराखडी शिकल्या, जोडाक्षरे शिकल्या. एके दिवशी त्यांनी पिशवीतून एक जाड पुस्तक काढले. मावशी ख्रिस्ती घरातल्या. पुस्तक होते 'नवा करार'. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचे. आजवर त्या ते पुस्तक पुसून फळीवर ठेवीत. रविवारी चर्चमध्ये दुसऱ्याने वाचलेले ऐकत. आता त्यांना स्वतः वाचायचे होते.

बोट ठेवून त्यांनी एक पान वाचले. एकही अक्षर चुकले नाही. आम्ही शाबासकी दिली. पण मावशींचा चेहरा उतरला होता. त्या म्हणाल्या, "गुरुजी, अक्षरं सगळी वाचली. पण कळलं काहीच न्हाई. माझंच डोस्कं जड. ह्या वयात कशाला हा खटाटोप?" आणि त्यांनी पुस्तक मिटले.

त्या रात्री आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. घरी गेल्यावर आम्ही तेच पुस्तक उघडून बसलो. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ज्या माणसांची हकीकत त्या पुस्तकात आहे, त्यांनाही पहिल्या दिवशी काही कळले नव्हते! ती माणसे तर प्रत्यक्ष गुरूच्या संगतीत राहिलेली. तरी शास्त्राचा अर्थ त्यांना उमजायला फार वेळ लागला. आणि पुस्तकाने ही गोष्ट लपवलेली नाही. उलट पुन्हा पुन्हा सांगितली आहे.

ती हकीकत आम्ही येथे सांगतो. आपण कोणत्याही धर्माचे असा. पोथी सगळ्यांच्याच घरी असते. आणि पोथी वाचून अर्थ लागला नाही, की मन खट्टू होते, तेही सगळ्यांचेच.

शास्त्र म्हणजे कोणते?

ही हकीकत यरुशलेम या शहरातली आहे. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी घडली. तेथे यहुदी लोक राहत. त्यांच्यावर रोमी सरकारचे राज्य होते. येशू हा यहुदीच. त्याचे शिष्यही यहुदी. त्यांत कोणी कोळी होते, एक जकात गोळा करणारा होता. मोठे पंडित असे कोणी नव्हते.

यहुदी लोकांचे शास्त्र हिब्रू भाषेत होते. त्यात मोशेचे नियम होते. संदेष्ट्यांची वचने होती. संदेष्टा म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणारा. शिवाय देवाची स्तोत्रे होती.

तेव्हा छापखाने नव्हते. शास्त्र हाताने लिहीत, तेही कातड्याच्या लांब गुंडाळीवर. अशी एक जुनी गुंडाळी 1947 साली मृत समुद्राजवळच्या एका गुहेत मेंढपाळांना सापडली. तिच्यावर यशया नावाच्या संदेष्ट्याचे पुस्तक लिहिलेले आहे. ती उलगडली तर सात मीटरांहून अधिक लांब भरते. येशूच्याही आधी शंभरएक वर्षे ती लिहिली गेली. म्हणजे येशूच्या काळी शास्त्र कसे दिसत असे, हे आज आपल्याला पाहता येते.

अशी गुंडाळी घरोघर कोठून असणार? गावाच्या सभास्थानात ती असे. आठवड्याला लोक जमत. एक जण मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत. त्यामुळे पुष्कळांना शास्त्र ऐकून ऐकून पाठ झालेले असे. आपल्याकडे नाही का, अक्षरओळख नसलेल्या आजीलाही ओव्या आणि अभंग तोंडपाठ असतात? तसेच.

पण पाठ असणे वेगळे आणि उमजणे वेगळे. इथूनच आपली गोष्ट सुरू होते.

सांगितले तरी कळेना

येशू गावोगाव फिरून शिकवी. आपला शेवट जवळ आला, हे त्याने शिष्यांना आधीच सांगितले. मला धरतील, मारून टाकतील, आणि तिसऱ्या दिवशी मी उठेन, असे त्याने एकदा नव्हे, तीनदा सांगितले. मार्क नावाच्या लेखकाने या तिन्ही वेळा नोंदवल्या आहेत. तो आणखी एक गोष्ट लिहितो. शिष्यांना हे बोलणे कळले नाही, आणि त्याला विचारायला ते भ्याले.

पाहा, कळले नाही एवढेच नव्हे, विचारायलाही भ्याले! वर्गात आपलेही असेच होते ना? शंका येते. पण चारचौघांत विचारले तर लोक हसतील, असे वाटते. मग आपण मान डोलावतो. कळल्यासारखे दाखवतो. आणि शंका तशीच घेऊन घरी जातो.

शिष्यांना का कळले नाही? त्यांचे डोके जड होते म्हणून नाही. त्यांच्या मनात दुसरेच चित्र होते. देवाने पाठवलेला राजा येईल, रोमी लोकांना हाकलील, आपले राज्य परत मिळवून देईल, अशी पुष्कळ लोकांची आशा होती. शिष्यांनाही तेच वाटे. असा राजा मार खाईल, मरेल, हे त्यांच्या कल्पनेतच बसेना. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतले, तर ते बाहेरच सांडते. त्यांच्या मनाचे तसेच झाले होते.

शुक्रवार, शनिवार, रविवार

इ. स. 30 च्या सुमारास वल्हांडण सणाच्या दिवसांत येशूला धरले. पिलात नावाच्या रोमी सुभेदाराने त्याला क्रुसावर मारण्याचा हुकूम दिला. तो शुक्रवार होता. शिष्य घाबरून पळाले. पेत्र हा त्यांतला पुढारी. त्याने तर आपण या माणसाला ओळखतच नाही, असे तीनदा सांगितले. अरिमथाई गावच्या योसेफ नावाच्या सज्जनाने प्रेत मागून घेतले. खडकात खोदलेल्या कबरीत ते ठेवले. तोंडाशी मोठी धोंड लोटली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. शनिवार हा यहुद्यांचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस. त्या दिवशी कामधंदा बंद. आपल्या कोकणात बेने इस्राएल नावाचे यहुदी लोक पिढ्यान् पिढ्या राहत आले. ते तेलाचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. हाच तो शब्बाथ. त्या शनिवारी येशूच्या माणसांनाही घरात बसून राहावे लागले. ना प्रेताला सुगंधी द्रव्ये लावता आली, ना कबरीपाशी जाता आले.

रविवारी भल्या पहाटे काही बाया निघाल्या. मग्दालिया मरिया, योहान्ना, याकोबाची आई मरिया आणि आणखी काही जणी. हातांत सुगंधी द्रव्ये होती. जाऊन पाहतात तो धोंड बाजूला सरलेली! आत प्रेत नाही! त्या गोंधळून गेल्या. तेवढ्यात लखलखीत वस्त्रांतले दोन पुरुष त्यांना दिसले. त्यांनी बायांना कोणतेही नवीन शास्त्र सांगितले नाही. येशू गालीलात असताना काय म्हणाला होता, ते आठवा, एवढेच सांगितले.

आणि त्या बायांना आठवले.

लूक नावाच्या लेखकाने हे लिहून ठेवले आहे. उमजण्याची पहिली पायरी ही अशी होती. काही नवे ऐकायचे नव्हते. जुनेच ऐकलेले आठवायचे होते. शब्द कानांत पडले होते, पण बी कोरड्या मातीत पडून राहावे, तसे पडून होते. ती वेळ आली आणि बी रुजले.

बायकांचे बोलणे कोणी ऐकले?

त्या बाया धावत परत आल्या. अकरा शिष्यांना आणि बाकीच्यांना त्यांनी सगळे सांगितले. पण पुरुषांना ती वायफळ बडबड वाटली. त्यांनी विश्वास ठेवला नाही.

इथे थोडे थांबा. सगळ्यांत आधी पाहिले बायांनी. सगळ्यांत आधी आठवले बायांनी. आणि त्यांचेच बोलणे उडवून लावले. त्या काळी बाईच्या साक्षीला फारसा मान नसे. तरीही हे लिहिणाऱ्यांनी बायांची नावे गाळली नाहीत. चारही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूची हकीकत सांगणाऱ्या चारही पुस्तकांत, त्या पहाटे कबरीपाशी पहिल्याने गेल्या त्या बायाच, असेच लिहिलेले आहे. आपल्या वर्गातल्या आयाबहिणींनी हे ध्यानात ठेवावे. आणि पुरुषमंडळींनी तर जरूर ठेवावे.

पेत्र मात्र उठून कबरीकडे धावला. त्याला नुसती तागाची वस्त्रे दिसली. नवल करीत तो परतला. योहानाच्या शुभवर्तमानात त्याच्याबरोबर आणखी एक शिष्य धावल्याचे सांगितले आहे. तो आत गेला, त्याने पाहिले आणि विश्वास ठेवला. पण तेथेच पुढे म्हटले आहे, की शास्त्राचा अर्थ त्यांना अजून कळला नव्हता.

म्हणजे काय झाले? डोळ्यांनी पाहिले. मनाने मानले. तरी शास्त्र कळले नाही ते नाहीच. पाहणे, मानणे आणि समजणे या तीन पायऱ्या आहेत. तिन्ही एकदम चढता येतात असे नाही.

मग्दालिया मरिया कबरीबाहेर रडत उभी राहिली. मागे येशू उभा होता. पण तिला तो माळी वाटला. माळीदादाने प्रेत हलवले असेल, म्हणून तिने त्यालाच विचारले. मग येशूने तिला नावाने हाक मारली. हाक ऐकताच तिने ओळखले. कोणाला आठवून कळले, कोणाला हाकेने कळले. प्रत्येकाची वाट वेगळी.

अम्माऊसची वाट

आता या हकीकतीतला सगळ्यांत गोड भाग सांगतो.

त्याच रविवारी दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊस नावाच्या खेड्याकडे निघाले. वाट सुमारे सात मैलांची, म्हणजे अकरा किलोमीटरांची. पायी दोन-अडीच तासांची. त्यांतल्या एकाचे नाव क्लयपा. दुसऱ्याचे नाव दिलेले नाही. दोघे खिन्न होते. झाल्यागेल्या गोष्टी एकमेकांशी बोलत चालले होते.

मागून एक वाटसरू आला आणि बरोबर चालू लागला. तो येशूच होता. पण त्यांनी त्याला ओळखले नाही. कशाविषयी बोलता, असे त्याने विचारले. दोघे थांबले. क्लयपाला नवल वाटले. यरुशलेमात एवढे घडले आणि या माणसाला ठाऊक नाही? मग दोघांनी त्याला सगळे सांगितले. आम्हांला आशा होती, की हाच आपल्या लोकांची सुटका करील. पण त्याला तर मारले. आज तिसरा दिवस. काही बाया सांगतात की कबर रिकामी आहे. काही जण जाऊन पाहून आले. पण तो कोणाला दिसला नाही.

पाहा, सगळी हकीकत त्यांना ठाऊक होती. एकही गोष्ट गाळली नाही. मावशींनी एकही अक्षर चुकवले नाही, तसेच. पण गोष्टींचा एकमेकींशी मेळ बसत नव्हता. मणी हाती होते, दोरा नव्हता.

त्या वाटसरूने आधी त्यांचे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, अरे, तुमची मने किती मंद! एवढे बोलून त्याने त्यांना सोडून दिले नाही. तो चालता चालता समजावू लागला. मोशेपासून सुरुवात केली. मग एकेक संदेष्टा घेतला. दुःख सोसूनच मोठेपणाला जायचे, हे शास्त्रात कसे आले आहे, ते त्याने उलगडून दाखवले. ते दोघे जन्मभर ऐकत आले ते हेच शास्त्र होते. त्या दिवशी त्यांना त्यात दोरा दिसू लागला.

तरी त्यांनी वाटसरूला ओळखले का? नाही!

संध्याकाळ झाली. गाव आले. वाटसरू पुढे जाऊ लागला. तेव्हा दोघांनी आग्रह केला, दिवस कलला, आता आमच्याकडेच राहा. आपल्याकडे दिवेलागणीला पाहुण्याला जाऊ देत नाहीत, तसेच. तो राहिला. जेवायला बसले. त्याने भाकर घेतली, देवाचे आभार मानले, भाकर मोडली आणि त्यांच्या हाती दिली. त्या क्षणी त्यांचे डोळे उघडले. त्यांनी त्याला ओळखले. आणि तो दिसेनासा झाला.

मग दोघे एकमेकांना म्हणू लागले, वाटेने तो शास्त्र सांगत होता, तेव्हा आपल्या काळजात कशी धग पेटली होती! म्हणजे वाटेवर आत काहीतरी हलत होते. पण ते कळले मागाहून, घरी भाकर हाती आल्यावर. दूध चुलीवर तापत असते, साय दिसत नाही. खाली उतरून निवले, म्हणजे साय धरते. समजुतीचेही तसेच आहे.

रात्र झाली होती. तरी ते दोघे तडक उठले आणि तेवढेच अकरा किलोमीटर चालून यरुशलेमला परत गेले. येताना पाय जड होते. जाताना थकवा कोठे गेला, कोण जाणे.

लगेच सगळे कळले का?

त्या रात्री शिष्य एका घरात जमले होते. तेथे येशू त्यांच्यामध्ये येऊन उभा राहिला. ते घाबरले. भूत आहे, असे त्यांना वाटले. त्याने हात-पाय दाखवले. खायला मागितले. त्यांनी भाजलेल्या माशाचा तुकडा दिला. तो त्याने त्यांच्यासमोर खाल्ला. त्यानंतर शास्त्र समजावे म्हणून त्याने त्यांची मने उघडली, असे लूक लिहितो. क्रम ध्यानात घ्या. आधी भीती घालवली, मग समजावले. भ्यालेल्या माणसाला शिकवून उपयोग नसतो.

थोमा नावाचा शिष्य त्या वेळी तेथे नव्हता. खिळ्यांच्या खुणा पाहीन, बोट घालीन, तरच मानीन, असे तो म्हणाला. त्याला कोणी वाळीत टाकले नाही. आठ दिवसांनी तो पुन्हा त्याच मंडळींत बसलेला होता. तेव्हा येशू आला आणि त्याने थोमाला खुणा दाखवल्या. शंका घेणाऱ्यालाही मंडळीत जागा होती, म्हणूनच त्याला पुढची पायरी चढता आली.

आणि एवढे होऊनही सगळे कळले, असे नाही. गालीलातल्या डोंगरावर येशू भेटला, तेव्हाही काहींना शंका होती, असे मत्तय लिहितो. अगदी निरोपाच्या वेळीही शिष्यांनी विचारले, की आता तरी आपले राज्य परत मिळेल का? जुनी घागर अजून पुरती रिकामी झाली नव्हती.

पन्नासाव्या दिवशी, पेन्टेकॉस्ट सणाला, पेत्र लोकांपुढे उभा राहिला. हाच तो पेत्र, भिऊन ओळख नाकारणारा. त्या दिवशी त्याने जुन्या स्तोत्राचा आधार घेऊन लोकांना अर्थ समजावला. पन्नास दिवसांपूर्वी ज्याला काही कळत नव्हते, तो आता दुसऱ्याला सांगू लागला.

योहानाच्या शुभवर्तमानात अशा आणखी दोन गोष्टी आहेत. येशू एकदा म्हणाला होता, हे मंदिर पाडा, मी तीन दिवसांत उभारीन. ऐकणाऱ्यांना वाटले, दगडांच्या मंदिराविषयी बोलतो. तो गाढवावर बसून यरुशलेमात शिरला, तेव्हाही शिष्यांना त्याचा अर्थ कळला नाही. दोन्ही ठिकाणी लिहिले आहे, की शिष्यांना हे मागाहून आठवले आणि तेव्हा अर्थ लागला.

ही चारही पुस्तके त्या घटनांनंतर लगेच लिहिलेली नाहीत. बहुतेक अभ्यासकांच्या मते ती इ. स. 65 ते 100 या काळात लिहिली गेली. मधली तीस-चाळीस वर्षे किंवा अधिकच लोक ती हकीकत एकमेकांना सांगत होते, आठवत होते, शास्त्राशी ताडून पाहत होते. एवढी वर्षे त्या समजुतीला मुरायला मिळाली.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तेच जुने शास्त्र यहुदी लोकही वाचतात. ते त्यांचेच आहे. ते त्याचा अर्थ निराळा लावतात. येशू उठला, ही ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. ती कोणी मानावी, कोणी मानू नये, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही फक्त एवढेच दाखवतो, की ज्यांनी मानले, त्यांनाही समजायला वेळ लागला.

रथातला खजिनदार

याच काळातली आणखी एक छोटी हकीकत आहे. हबशी देशाच्या राणीचा एक मोठा अधिकारी होता. सगळा खजिना त्याच्या हाती. तो यरुशलेमला देवदर्शनाला आला होता. परत जाताना रथात बसून यशयाचे पुस्तक मोठ्याने वाचत होता. फिलिप्प नावाच्या शिष्याने ते ऐकले. तो धावत रथाजवळ गेला. वाचता ते समजते का, असे त्याने विचारले.

एवढा मोठा अधिकारी. तो रागावला का? नाही. कोणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजणार, असे तो सरळ म्हणाला. फिलिप्पाला त्याने रथात आपल्याशेजारी बसवले. तो जो भाग वाचत होता, त्यात एका माणसाला मुक्या मेंढरासारखे मारायला नेल्याचे वर्णन होते. अधिकाऱ्याने विचारले, हे संदेष्टा स्वतःविषयी म्हणतो की दुसऱ्या कोणाविषयी?

किती नेमका प्रश्न! मला काही कळत नाही, असे म्हणून त्याने पुस्तक मिटले नाही. काय कळत नाही, ते त्याने शोधून काढले आणि तेवढेच विचारले. राणीच्या खजिनदाराला 'मला समजत नाही' म्हणायची लाज वाटली नाही. मग आपल्याला का वाटावी?

ही हकीकत मराठीत कशी आली?

अर्थ लागायचा तर भाषा आपली हवी. 1616 साली गोव्यात राचोल येथे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. ते थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्रीने रचले. त्यात येशूची सगळी हकीकत मराठी ओव्यांत आहे. ओव्या जवळजवळ अकरा हजार. पुराण ऐकणाऱ्या लोकांना पुराणाच्याच चालीवर सांगावे, म्हणजे त्यांना उमजेल, हे त्याने ओळखले.

पुढे विल्यम केरी या पाद्रीने बंगालमधल्या श्रीरामपूरला मराठी नवा करार छापला. तो 1811 साली निघाला. नंतर भाषांतरे सुधारत गेली. पण पुष्कळदा त्यांतली भाषा खेड्यातल्या माणसाला जड वाटे. पंडिता रमाबाईंना ही अडचण दिसली. पुणे जिल्ह्यात केडगावला त्यांचे मुक्ती सदन होते. तेथे शेकडो निराधार बाया आणि मुली राहत. साध्या बायांना समजेल असे बायबल हवे, म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. बरीच वर्षे खपून त्यांनी सोप्या मराठीत भाषांतर केले. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. 1924 साली ते पूर्ण बायबल छापून निघाले. एवढी संस्कृत पंडिता, पण तीही पुन्हा नवी अक्षरे गिरवायला बसली. ह्या वयात कशाला, असे ती म्हणाली नाही.

आपण काय करावे?

या हकीकतीतून वाचायला शिकलेल्या माणसाने काय घ्यावे? आम्हांला चार गोष्टी दिसतात.

पहिली. थोडे वाचा आणि पुन्हा वाचा. ज्ञानेश्वरीचे पारायण दरवर्षी होते. पोथी तीच असते. पण यंदा एखादी ओवी अशी भिडते, की आजवर ती ऐकलीच नव्हती असे वाटते. मधल्या वर्षात आपण काही सोसलेले असते, काही पाहिलेले असते.

दुसरी. विचारा. शिष्य विचारायला भ्याले आणि अंधारात राहिले. खजिनदाराने विचारले आणि त्याला वाट मिळाली.

तिसरी. संगतीने वाचा. अम्माऊसच्या वाटेवर दोघे होते. एकटा माणूस शंकेला शरण जातो. दोघे बोलत बोलत पुढे जातात.

चौथी. दुसऱ्याने सांगितलेला अर्थ ताडून पाहा. बेरिया गावचे लोक पौलाचे भाषण आनंदाने ऐकत. पण तो म्हणतो तसे शास्त्रात आहे की नाही, हे रोज शास्त्र उघडून पाहत. त्यांच्याबद्दल पुस्तकात चांगलेच लिहिले आहे. पूर्वी आपल्याला वाचता येत नव्हते. कोणी सांगेल तो अर्थ मानावा लागे. कोणी शास्त्राच्या नावाने घाबरवले, तर घाबरावे लागे. आता अक्षर हाती आले आहे. पुस्तक उघडा आणि स्वतः पाहा.

पुढच्या आठवड्यात आम्ही मावशींना अम्माऊसची गोष्ट वाचायला दिली. रोज पाच-सहा ओळी. चौथ्या दिवशी त्या मध्येच थांबल्या. बोट ओळीवर तसेच ठेवून म्हणाल्या, "गुरुजी, इतकं वाटेनं बोलला, तरी त्यांनी त्याला वळखला न्हाई. मग भाकर मोडल्यावरच कसा वळखला?"

आम्ही म्हणालो, "तुम्हांला काय वाटते?"

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी आई मेली तवा मी लहान. तिचं तोंड आठवत न्हाई मला. पण ती भाकर कशी मोडून हातावर द्यायची, ते आठवतं."

वर्गात कोणी काही बोलले नाही. मावशींनी डोळे पुसले आणि पुढची ओळ वाचायला घेतली.

वाचून झाल्यावर आपसांत बोला

1. शिष्यांना येशूचे बोलणे का कळले नाही?
2. बायांचे बोलणे पुरुषांनी का मानले नाही? आपल्या गावात असे होते का?
3. अम्माऊसच्या वाटेवरच्या दोघांना सगळी हकीकत ठाऊक होती. मग त्यांना कशाची उणीव होती?
4. पूर्वी ऐकलेली आणि पुष्कळ वर्षांनी उमजलेली अशी एखादी गोष्ट तुम्हांला आठवते का? ती चार ओळींत लिहून काढा.